एकाच बॉयलरवर चांगली एस्प्रेसो

सिंगल बॉयलर मशीनमध्ये पाणी तापवायचं भांडं एकच असतं आणि त्याच्याकडून दोन वेगळी कामं करून घ्यायची असतात. कॉफी काढायला साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. दूध फेसाळायला वाफ लागते, आणि त्यासाठी तोच बॉयलर १२० अंशांच्या वर न्यावा लागतो. नवं मशीन घेतलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या, की त्यातल्या बऱ्याच शेवटी एकाच ठिकाणी येतात. शॉट, म्हणजे दाबाने काढलेली एका कपाची एस्प्रेसो, काढला त्या क्षणी बॉयलर किती तापलेला होता, हेच त्यांना ठाऊक नसतं.

हा घोळ एस्प्रेसोच्या जन्मापासूनचा आहे. लुइजी बेझेराने १९०१ साली मिलानमध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात वाफेच्याच दाबाने पाणी कॉफीतून ढकललं जायचं. दाब हवा तर वाफ हवी, आणि वाफ हवी तर पाणी उकळीच्या पुढे न्यायला हवं, त्यामुळे कॉफी करपट लागायची. दाब आणि उष्णता यांची फारकत झाली ती पुढे अकिले गॅजियाच्या लिव्हर यंत्रांनी आणि १९६१च्या फाएमा ई६१ या यंत्रातल्या पंपाने. तुमच्या मशीनमध्येही दाब पंप देतो, बॉयलरने फक्त पाणी तापवायचं. पण वाफेच्या तापमानाला असलेल्या बॉयलरमधून शॉट काढलात, तर तीच जुनी करपट चव कपात उतरते.

आधी ग्राइंडर

पैसे मर्यादित असतील तर मशीन साधं घ्या आणि ग्राइंडर चांगला घ्या. यावर मी कधीच मागे हटत नाही. पात्याचा मिक्सरवजा ग्राइंडर उपयोगाचा नाही, कारण त्यात एक कण पिठासारखा आणि दुसरा भरड निघतो. बर, म्हणजे बिया चिरडणाऱ्या दातेरी तबकड्या असलेला आणि एस्प्रेसोच्या पट्ट्यात अगदी बारीक फरक करता येणारा ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचाही चालतो, दोन मिनिटं जास्त लागतात एवढंच.

त्यानंतर ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मशीनच्या ट्रेवर कपाखाली मावणारा छोटा काटा. बास्केटच्या, म्हणजे कॉफी भरायच्या भोकांच्या वाटीच्या, व्यासाला बरोबर बसणारा टॅम्पर, म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळा. मशीनसोबत येणारा प्लॅस्टिकचा टॅम्पर बहुधा सैल असतो, मग कडेची कॉफी दाबलीच जात नाही.

मशीनसोबत आलेलं बास्केट उजेडात धरून बघा. खालून एकच बारीक भोक दिसत असेल तर ते दुहेरी तळाचं, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केट आहे. ते कसल्याही दळणावर फेस काढून दाखवतं, त्यामुळे आपलं काय चुकतंय ते कळत नाही. शिकायचं असेल तर तळभर भोकं असलेलं साधं बास्केट घ्या, १८ ग्रॅमचं.

बियांबद्दल थोडक्यात. पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या घ्या, सुरुवातीला मध्यम भाजणीच्या. अगदी हलक्या भाजणीला जास्त तापमान आणि जास्त बारीक दळण लागतं, आणि सिंगल बॉयलरवर शिकताना ती झुंज नको. भाजल्यानंतर पहिले काही दिवस बियांमधून कार्बन डायऑक्साइड जोरात सुटत असतो, शॉट फसफसतो आणि पाण्याची वाट सारखी बदलते. साधारण एक ते तीन आठवड्यांच्या बिया शांतपणे वागतात.

मशीन तापवणं

चालू केल्यावर तीन-चार मिनिटांत तयारीचा दिवा खूण करतो. त्यावर विश्वास ठेवू नका. बॉयलरमधलं पाणी तापलेलं असतं, पण ज्या जाड धातूतून ते खाली येणार तो ग्रुप हेड (पाणी खाली सोडणारा मशीनचा भाग) आणि पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारी दांडी) अजून गारच असतात. ९३ अंशांचं पाणी थंड पितळेवरून गेलं, की कॉफीपर्यंत पोचेस्तोवर बरंच उतरतं आणि शॉट आंबट होतो. रिकामा पोर्टाफिल्टर ग्रुपमध्ये अडकवून मशीन २० ते ३० मिनिटं तसंच चालू राहू द्या. पोर्टाफिल्टरचा धातू हात लावून धरवेनासा झाला, की मशीन तयार झालं असं समजा. कपही गरम पाण्याने विसळून घ्या. ३६ ग्रॅम कॉफी थंड, जाड कपात पडली की क्षणात कोमट होते.

बॉयलरची लय

हा भाग सावकाश वाचा. नुसतं वाचूनही भागणार नाही, मशीनसमोर उभं राहून एकदा घड्याळ लावून बघावं लागेल.

साध्या मशीनमध्ये थर्मोस्टॅट असतो. ठरलेल्या तापमानाला तो हीटर बंद करतो आणि पाणी बरंच निवलं की पुन्हा चालू करतो. या दोन टोकांमध्ये दहा अंशांचा किंवा त्याहूनही जास्त फरक पडू शकतो. शिवाय हीटर बंद झाल्यावरही धातूत साठलेली उष्णता पाण्यात येत राहते, तापमान थोडं आणखी चढतं आणि मग हळूहळू उतरतं. म्हणजे तुम्ही या चढउतारात कुठे बटण दाबता, त्यावर त्या दिवशीची चव ठरते. एकाच दळणाची, एकाच वजनाची कॉफी सकाळी गोडसर आणि दुपारी कडू का लागली, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

उपाय सोपा आहे, दर वेळी त्याच टप्प्यावर शॉट काढायचा. मशीन पूर्ण तापलं की रिकाम्या ग्रुपमधून पाणी सोडा आणि दिव्याकडे बघत राहा. काही मशीनमध्ये हीटर चालू असताना दिवा लागतो, काहींमध्ये तापमान गाठल्यावर. आपल्या मशीनमध्ये कुठला प्रकार आहे ते आधी समजून घ्या. हीटर चालू झाल्याची खूण मिळाली की पाणी थांबवा. आता हीटर बंद होण्याची वाट बघा, आणि बंद झाला की मनात सेकंद मोजायला लागा. पहिल्या दिवशी ३० सेकंदांनी शॉट काढा, नंतर तेच दळण आणि तेच वजन ठेवून ६० सेकंदांनी काढा. दोन्ही कप शेजारी ठेवून चाखा. उशिराचा कप थंड बाजूचा असणार, त्यात आंबटपणा पुढे येईल. लवकरचा गरम बाजूचा, तो जास्त भरीव किंवा थोडा कडवट लागेल. या दोहोंमधला तुमच्या बियांना मानवणारा आकडा शोधा आणि मशीनशेजारी कागदावर लिहून चिकटवा. तो आकडा तुमच्या मशीनचा आहे, दुसऱ्याचा उचलून चालत नाही.

बॉयलरच्या आकाराचाही इथे संबंध येतो. रान्चिलिओ सिल्व्हिया या मशीनचा बॉयलर साधारण ३०० मिलिलिटरचा आहे, गॅजिया क्लासिकचा जेमतेम १००च्या आसपास. शॉट चालू असताना जेवढं गरम पाणी वरून जातं, तेवढं टाकीतलं गार पाणी आत येतं. लहान बॉयलरमध्ये त्याचा परिणाम चटकन होतो आणि शॉटच्या उत्तरार्धात तापमान घसरतं. म्हणून काही जण शॉटच्या काही सेकंद आधी वाफेचं बटण दाबून हीटर चालू करून घेतात. ही युक्ती उपयोगी आहे, पण मूळ लय हातात बसल्यावरच करून बघा.

तुमच्या मशीनमध्ये पीआयडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तापमान नियंत्रक, असेल तर हा खटाटोप बराच वाचतो. तो सेन्सरकडून तापमान वाचत राहतो आणि हीटरला थोडी थोडी वीज देऊन पाणी जवळजवळ एका जागी धरून ठेवतो. पडद्यावरचा आकडा मात्र बॉयलरचा असतो, ग्रुपचा नव्हे, त्यामुळे अर्ध्या तासाचं तापवणं तरीही चुकत नाही.

दळण जुळवणं

सुरुवातीचा आधार म्हणून हे घ्या: १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम एस्प्रेसो, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. मिलिलिटरने मोजू नका. ताज्या बियांवर क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस, जाड येतो आणि कप भरलेला दिसतो, पण त्यात हवाच जास्त असते. काट्यावर फसगत होत नाही.

कॉफीचं वजन आणि कपातलं वजन पक्कं धरा आणि फक्त दळण बदला. हा एक नियम पाळला तर आठवडाभरात हात बसतो. पुष्कळ जण एका शॉटमध्ये दळण बारीक करतात, कॉफी एक ग्रॅम वाढवतात आणि वर जोरातही दाबतात. मग चव सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

परवा नवं पाकीट उघडलं तेव्हाचा हिशेब सांगतो. पहिला शॉट १५ सेकंदांतच ३६ ग्रॅमवर गेला. धार फिकट पिवळी, क्रेमा पातळ, घोट घेतला तर जिभेच्या कडा आखडाव्यात इतका आंबट, आणि मागे काहीच उरलं नाही. ग्राइंडर दोन खाचा बारीक केला. बदल केल्यावर आतल्या वाटेत जुनं दळण अडकलेलं असतं, म्हणून चारेक ग्रॅम दळून टाकून दिलं आणि मग १८ ग्रॅम घेतलं. दुसऱ्या शॉटला पहिला थेंबच बाराव्या सेकंदाला आला. पुढे थेंब थेंब करत ३६ ग्रॅमला ४४ सेकंद लागले, आणि चव राखेसारखी, तोंड कोरडं करणारी. एक खाच मागे आलो. पुन्हा चार ग्रॅम टाकून दिलं. तिसरा शॉट २९ सेकंदांत ३६ ग्रॅम. आंबटपणा होता, पण त्याला खाली गोडव्याचा आधार होता आणि घोट गिळल्यावरही चव तोंडात रेंगाळत होती. नव्या पाकिटापायी दोन-तीन शॉट वाया जाणं ठरलेलंच आहे, त्याची हळहळ करू नका.

सेकंदांचा आकडा हा दिशा दाखवण्यापुरता. ३४ सेकंदांचा शॉट जिभेला आवडला तर तो बरोबरच आहे. आंबट आणि पातळ लागला तर बारीक दळा. कडू आणि कोरडा लागला तर थोडं जाडसर करा. आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागलं, तर दळणाला हात लावू नका. बहुतेक वेळा पाण्याने दाबलेल्या कॉफीच्या चकतीतून चोरवाट काढलेली असते. त्या वाटेवरची कॉफी गरजेपेक्षा जास्त धुतली जाते आणि बाकीची अर्धवट राहते.

बास्केट भरणं

चोरवाट टाळायची तर कॉफी बास्केटात सगळीकडे सारखी पसरलेली हवी. दळताना गुठळ्या होतात. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब फवारून हलवल्या तर स्थिर वीज कमी होते आणि पीठ इकडेतिकडे उडत नाही. बास्केटात पडल्यावर अगदी बारीक सुयांनी, ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाडीच्या, तळापासून वरपर्यंत गोल गोल फिरवत गुठळ्या मोडा. याला डब्ल्यूडीटी म्हणतात. बाटलीच्या बुचात चार सुया खोचून घरीच करता येतं. दात कोरायच्या काडीने मात्र काम होत नाही, ती जाड असते आणि पिठात चर पाडते.

मग टॅम्पर. किती जोर लावायचा यावर लोक खूप बोलतात. कॉफी दबायची थांबली, की त्यापुढच्या जोराने काही साधत नाही. सपाटी मात्र सांभाळा. कोपर टॅम्परच्या बरोबर वर ठेवा, मनगट सरळ ठेवा, आणि दाबून झाल्यावर टॅम्परच्या कडा बास्केटच्या कडेपासून सगळीकडे सारख्या उंचीवर आहेत ना ते बोटाने चाचपा. दाबल्यानंतर पोर्टाफिल्टर टेबलावर आपटू नका, टॅम्परने कडेवर टकटक करू नका. चकती कडेपासून सुटते आणि पाणी तिथूनच खाली धावतं. कडेला चिकटलेलं पीठ बोटाने पुसा, नाहीतर ते ग्रुपमधल्या रबरी गॅस्केटवर जाऊन बसतं.

चकती आणि वरची ग्रुपची जाळी यांच्यात थोडी जागा हवी. कोरडा पोर्टाफिल्टर लावून लगेच काढून बघा. चकतीवर जाळीच्या स्क्रूचा ठसा उमटला असेल तर कॉफी जास्त झाली, अर्धा ग्रॅम कमी करा.

तळ उघडा असलेला, म्हणजे बॉटमलेस पोर्टाफिल्टर मिळाला तर जरूर घ्या. खाली वाकून बघितलं की सगळं डोळ्यांसमोर घडतं. पंपाचा आवाज आधी मोकळा असतो, मग दाब धरला की जड होतो. सहाव्या-आठव्या सेकंदाला बास्केटच्या तळावर गडद तपकिरी ठिपके उमटतात, आधी कडेने, मग मध्ये. ठिपके फुगून एकमेकांना मिळतात आणि मध्यभागी वातीएवढी एकच धार होते. रंग गडद तपकिरीवरून हळूहळू मधासारखा होत जातो. एखाद्या कोपऱ्यातून बारीक पिचकारी उडाली किंवा एकाच बाजूला रंग लवकर फिका पडला, की चोरवाट तिथेच आहे. काटा ३३-३४ ग्रॅमवर आला की पंप बंद करा, उरलेले थेंब ३६ पर्यंत नेतात.

खोक्यावर मोठ्या अक्षरात १५ बार लिहिलेलं असतं, ती पंपाची कमाल ताकद आहे. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपासचा दाब पुरतो. काही मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह कारखान्यातून बराच वर लावलेला असतो आणि तो ९ वर आणता येतो. त्याने चोरवाटा कमी होतात. पण ते पहिल्या महिन्याचं काम नाही.

दुधाची कॉफी आणि परतीचा रस्ता

आधी शॉट, मग वाफ, असं मी सांगेन. बॉयलर ९३ वरून वर नेणं मिनिटाभराचं काम असतं, वरून खाली आणणं कटकटीचं. तेवढ्या वेळात शॉट वाट बघतो आणि दुधात मिसळल्यावर त्याचं फारसं काही बिघडत नाही.

शॉट झाला की वाफेचं बटण दाबा. वाट बघताना वाफेची नळी ट्रेवर धरून थोडी उघडा, आधी पाणी येईल, ते जाऊ द्या. पाणी दुधात गेलं तर फेस पांचट होतो. दिव्याने तयारीची खूण करण्याच्या थोडं आधीच दूध फेसाळायला घ्या, म्हणजे हीटर चालू राहतो आणि मध्येच वाफ मलूल पडत नाही. लहान बॉयलरला हे फार मानवतं. एका वेळी १५० मिलिलिटर दूध पुरे, फ्रिजमधून काढलेलं.

नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवा. कागद टरकावल्यासारखा बारीक आवाज यायला हवा. भांडं हाताला कोमट लागेपर्यंत एवढीच हवा आत घ्या. मग टोक किंचित खोल आणि कडेकडे नेऊन दूध भोवऱ्यासारखं फिरवत ठेवा, मोठे बुडबुडे त्यात मोडतात. ६० ते ६५ अंशांना थांबा. थर्मामीटर नसेल तर तळहात भांड्यावरून उचलावासा वाटला की वाफ बंद. ७०च्या पुढे दुधाचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. नळी ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि क्षणभर वाफ सोडून आतून मोकळी करा.

यापुढची पायरी कधीही चुकवू नका. वाफ गेली म्हणजे बॉयलरमधलं पाणी गेलं, आणि बऱ्याच सिंगल बॉयलर मशीनमध्ये ते आपोआप भरत नाही. हीटर पाण्याबाहेर उघडा पडून तापत राहिला तर जळून जाऊ शकतो. वाफेचं बटण बंद करा, नळीखाली भांडं धरा, नळी उघडून पंप चालू करा. आधी फुसफुस आणि तडतड होईल, मग पाण्याची सलग धार लागेल. धार सलग झाली म्हणजे बॉयलर भरला आणि निवलाही. पाहुण्यांच्या गडबडीत मी एकदा हे विसरलो आणि दुसरा शॉट तसाच चढवला. वरून पाण्याऐवजी वाफच फुसकारली, चकती फाटली आणि कपात पडलं ते काळपट, जळकं पाणी. दुसरा कप हवा असेल तर धार सलग झाल्यावर पुन्हा दिव्याची लय पकडा, मगच बास्केट लावा.

रोजची आणि महिन्याची निगा

शॉट झाल्यावर ग्रुपमधून दोन सेकंद पाणी सोडा आणि जाळी ओल्या फडक्याने पुसा. मशीनला तीन-मार्गी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे शॉट संपताच आतला दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, असेल तर आठवड्यातून एकदा बिनभोकाचं बास्केट आणि कॉफी मशीन साफ करायची पावडर वापरून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलट फिरवून आतली सफाई, करा. पंप दहा सेकंद चालू, मग बंद, असं पाच-सहा वेळा, आणि नंतर नुसत्या पाण्याने तसंच. व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनवर हे करू नका. तिथे शॉट झाल्याबरोबर पोर्टाफिल्टर सोडवायचीही घाई नको, आत अडकलेला दाब गरम गाळासकट बाहेर उडतो. अर्धा-एक मिनिट थांबा.

जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार साचतात, हीटरवर थर बसतो आणि थर्मोस्टॅटला खरं तापमान उशिरा कळतं, मग तुम्ही मेहनतीने शोधलेली लय बिघडते. मऊ पण थोडे क्षार असलेलं पाणी वापरा. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात कॉफी बेचव होते. डिस्केलिंगसाठी, म्हणजे साचलेले क्षार काढायला, पुस्तिकेत सांगितलेलंच द्रावण घ्या, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या बॉयलरला पितळेइतकं आम्ल सोसत नाही.

ग्रुपमधलं रबरी गॅस्केट हळूहळू कडक होतं. पोर्टाफिल्टर नेहमीच्या जागेच्या पुढे फिरायला लागला किंवा शॉट चालू असताना कडेने पाणी पाझरलं, की ते बदला. मशीन थंड असताना पेचकसाने जुनं उचकटा, खाचेतली काळी पूड ब्रशने खरवडून काढा आणि नवं बोटांनी सगळीकडून सारखं दाबून बसवा.